थांबलेली गाडी

आमच्या कॉलनीच्या चौकात गतिरोधक आला, पांढरे पट्टे आले, वळणावर लावलेल्या गाड्याही हलल्या. आता येणारी वाहनं खरोखर थांबतात. पण गंमत अशी, की गाडी थांबली की आपण पळतो. एरवी भरधाव गाड्यांमधून रमतगमत जाणारी माणसं, आपल्यासाठी कुणी थांबलं की ओशाळतात, हात वर करतात आणि मोठे उपकार झाल्यासारखी लगबगीनं पलीकडे धावतात.

आज भाजी घेऊन येताना माझ्याबरोबर शेजारच्या सुमनकाकू होत्या. एक मोटार थांबली आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी काकू पळू लागल्या. पिशवीतली मेथी हेलकावे खाऊ लागली.

"अहो काकू, हळू! पट्टे आपल्यासाठीच आखलेत."

"अगं, पण तो बिचारा खोळंबलाय ना!"

मला त्यांचा रागही आला आणि मायाही वाटली. घरातसुद्धा त्या अशाच वावरतात. आरसा असो की पंख्याखालची खुर्ची, कुणी आलं की त्या चटकन बाजूला होतात.

तेवढ्यात मोटारीची काच खाली झाली. आतला तरुण म्हणाला, "सावकाश, आजी. मला काही घाई नाही."

काकू पट्ट्यांच्या मधोमध थबकल्या. त्यांनी पदर सारखा केला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि एकेक पाऊल टाकत निघाल्या. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी त्यांची चाल बदलली नाही.

पट्टे येऊन महिना झाला होता. काकूंना रस्ता आज मिळाला.