रक्तातलं लोखंड

फौजेतून सुभेदार होऊन माझा थोरला भाऊ पाटणजवळच्या आमच्या गावी परतला आणि वर्षाभरात त्याचं बोलणं कमी होत होत थांबलंच. सकाळी विहिरीचं पाणी बघून यायचा, दोन घास खायचा आणि बसून राहायचा. वहिनी फोनवर मला म्हणाली, "वन्सं, माणूस घरात हाय आन् न्हाई बी."

गोळ्या दोनदा बदलून झाल्या, गुण आला नाही. शेवटी सांगलीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी चुंबकाचे उपचार सुचवले. आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे. मी पलूसला शिक्षिका आहे, म्हणून दादाला माझ्याकडे आणलं, शाळेतून रजा काढली आणि रोज त्याला एसटीने सांगलीला नेऊ लागले.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "डोक्यात कुठे छर्रा, धातूचा तुकडा राहिलाय का?" दादाने नकारार्थी मान हलवली. कानात बोळे घालून त्याच्या डोक्याला एक जाड कड्यासारखं यंत्र टेकवलं. टक् असा आवाज झाला आणि त्याचा उजवा अंगठा उडाला. पुन्हा टक्, पुन्हा अंगठा.

"म्या न्हाई हलवला," तो हाताकडे बघत म्हणाला.

"मेंदूतल्या अंगठा हलवणाऱ्या पेशी चुंबकाच्या झटक्याने चेतल्या," बाई म्हणाल्या. "तुम्हाला किती जोर लागतो ते त्यावरून कळलं. उपचार मात्र मेंदूच्या पुढच्या भागावर करायचे. उदासीत तिथलं काम मंदावतं."

मग दादा म्हणाला, "रक्तात लोखंड असतंय म्हणत्यात. ते वढतंय का ह्ये?"

कित्येक महिन्यांत त्याने कुणाला काही विचारलं नव्हतं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"नाही. चुंबक रक्त ओढत नाही. पेशी कामाला लागल्या की त्यांना जास्त रक्त लागतं, मग तिकडचा पुरवठा वाढतो. पण सगळ्यांना सारखा गुण येत नाही, हेही सांगून ठेवते," बाई म्हणाल्या.

दोन आठवडे काही फरक दिसला नाही. डोकं दुखायचं, बसमध्ये तो डोळे मिटून घ्यायचा. "बास कर आता," असं दोनदा म्हणाला. मी ऐकलं नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी तो कुणी न सांगता दाढी करून आला. त्या दिवशी उपचार झाल्यावर स्टँडवर चहा पिताना म्हणाला, "गावाकडं मी सकाळी इहिरीवर जायाचो न्हवं, ते पाणी बघाय न्हाई. जीव द्यायचा इचार घिऊन जायाचो."

मी कप खाली ठेवला. "आणि आता?"

"आता कमी झालंय. गेलं न्हाई."

तसेच आम्ही दवाखान्यात परत गेलो. तिथे त्याने ते स्वतःच्या तोंडाने बाईंना सांगितलं. मी वहिनीला फोन केला.

सहा आठवडे पुरे करून दादा गावी परतला. गोळ्या अजून चालू आहेत. तो रानात जातो, माणसांत बसतो. काही दिवस जड जातात. तेव्हा वहिनी हातातलं काम टाकून त्याच्याजवळ जाऊन बसते, तो एक शब्द बोलला नाही तरी.