थांबकाकीचा कापलेला आवाज

रविवार सकाळ, आमच्या कैनाड गावाची शाळा. हजर: अंगणवाडीच्या ताई, आशाताई, गावातल्या चार आया आणि मी. गैरहजर: थांबकाकी. विषय तिचाच होता.

काकीची पिठाची गिरणी. कोणी उडती बातमी आणली की नागली अर्धी दळलेली असतानाच ती गिरणी बंद करायची. "थांब. तू बघितलंस?"

"नाय, पण मोबाईलवर आलंय."

"मग मोबाईललाच पाठव दळायला."

उत्तर मिळेपर्यंत गिरणी बंद. रांगेतल्या बाया करवादायच्या, "काकी, भाकऱ्या कधी थापू गो?" पण विहिरीत विष टाकणाऱ्यांच्या गोष्टी तिच्या दारातच अडल्या. ती म्हणायची, "ऐकल्याबरोबर राग आला ना, तर समज, तो राग कोणाला तरी हवा होता."

म्हणून हत्तीरोगाच्या गोळ्या आल्या तेव्हा आम्ही गावाच्या ग्रुपवर तिचाच आवाज टाकला. "म्हणे, गोळ्या घेऊ नका, पोरींना मूल होणार नाही. असं कोणी बोललं तर विचारा, तू बघितलंस? मी घेतली, सुनेनं घेतली. तुम्हीही घ्या."

कोणीतरी सुरुवातीचं 'म्हणे' कापलं, 'पोरींना मूल होणार नाही'च्या पुढचं सगळं कापलं, आणि उरलेला तुकडा फिरवला. तो तिच्या माहेरी, उधव्यापर्यंत पोचला. काकी खोटं सांगत नाही, हा लोकांचा भरवसाच त्या नीच माणसानं हत्यार म्हणून वापरला. आणि पुढे ढकलणारे? हात जोडल्याचं चित्र लावून पाठवत होते. दुकानदार मला म्हणतो, "आवाज तर तिचाच ना, ताई?" पूर्ण रेकॉर्डिंग ऐकवलं, तर म्हणाला, "असेल. पण उगाच कशाला जोखीम?" अशा माणसांची मला किळस येते. खोटं कळल्यावरही त्यांना ते सोडवत नाही.

एका बाईनं भर रांगेत काकीला सुनावलं, "आधी नको बोललीस, आता घ्या बोलतेस. किती पैसे भेटले?" काकीनं त्या बाईचं पीठ दळून दिलं, शटर ओढलं आणि तलासरीला लेकीकडे गेली. जाताना मला एवढंच बोलली, "मी खोटं आधी बोलले, बाय. खरं आधी बोलायचं होतं."

आता आमचा नियम तोच आहे: आधी खरं सांगायचं, आणि अफवेचं वाक्य आपल्या आवाजात रेकॉर्ड करायचं नाही. कैनाडची घरं आशाताईंनी फिरून पूर्ण केली. उधव्याच्या पाड्यावर गोळ्या तशाच पडून आहेत. तिथल्या आया म्हणतात, "काकीनं समोर येऊन सांगू दे."

तलासरीला जाऊन हे काकीला सांगायचं आहे, आणि तिचा आवाज ग्रुपवर टाकला तो आम्हीच. सभेत मी विचारलं, कोण जाईल? सगळ्या खाली बघत बसल्या. मीही.