हजेरीचे अंगठे

शाईच्या पॅडचा वास आला की आजही माझे हात आपोआप ओढणीत जातात. कारखाने आल्यावर गावाचा किती विकास झाला, या अभ्यासासाठी मी तेव्हा कुंभिवलीत मुलाखती घेत होते. देवळाच्या ओट्यावर दहा बायका जमल्या, हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवून दोन तास मोकळेपणी बोलल्या. शेवटी मी हजेरीचा कागद आणि पॅड पुढे केलं आणि सगळ्यांनी हात पदराआड घेतले. त्यांतली सगळ्यांत म्हातारी म्हणाली, "चहा पिऊ, बोलू, पन अंगठा नाय देनार. मागं असाच हजेरीचा म्हनून घेतला, नि जमीन द्यायला आमी राजी हाय असं वर लिवलं." तिचं खरंच होतं, पण अंगठ्यांशिवाय ही बैठक ऑफिसात धरली जाणार नव्हती आणि अहवाल तर सोमवारी द्यायचा होता. शेवटी शिळफाट्याला चहाच्या टपरीमागे बसून मी दहा नावांपुढे माझ्याच दहा बोटांचे ठसे एकेक करून उठवले. हात पुसतेय तोच बाजाराला आलेली तीच म्हातारी समोर उभी. तिनं माझे हात धरून उलटेसुलटे पाहिले आणि हळहळून म्हणाली, "आमचा येक अंगठा घेतला गं, तुझी तर दाही बोटं घेतली!" मी हात सोडवून ओढणीत घेतले. आता ऑफिसात असे हजेरीचे कागद मंजुरीला माझ्याच टेबलावर येतात. अंगठे दिसले की मी सही करते, ते कुणाचे आहेत हे विचारत नाही.