मंदाताईंचा क्लच

मंदाकिनी खळदकरांनी मला गाडी शिकवली, तेव्हा मी बँकेत नोकरी करत होते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तूला घाबरत होते. मंदाताई कशालाच घाबरायच्या नाहीत. हडपसरला त्यांनी फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तेव्हा गावातल्या एका शहाण्यानं विचारलं होतं, "बायका गाडी शिकून जाणार कुठं?" ताई म्हणाल्या, "तुम्ही नसाल तिथं." आणि दुसऱ्या दिवशी पाटी लावून टाकली.

शिकवणाऱ्याची जागा डाव्या सीटवर. तिथंही पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवलेला असतो. आम्ही बायका उजवीकडे स्टिअरिंग आवळून बसायचो, गाडीतळ चौकातल्या सिग्नलला हातपाय गाळायचो, आणि ताई डावीकडून वेळेवर क्लच दाबून आमची अब्रू वाचवायच्या. "क्लचवर पाय ठेवून झोपू नका, उशी नाही ती," हे त्यांचं वाक्य पार लोणी काळभोरपर्यंतच्या बायकांना पाठ आहे. असं तीस वर्षं चाललं. म्हणजे जन्म गाडीत गेला, पण चालवत होत्या दुसऱ्याच, आणि त्याही रांगत.

साठी उलटल्यावर ताईंनी स्कूल बंद केलं. शेवटची जुनी एस्टीम उरली होती, ती घेऊन त्या संपतच्या गॅरेजात गेल्या. मीही बरोबर होते.

"काय करायचं हाय ताई? इकायची का?" संपतनं विचारलं.

"आधी डावीकडची पेडलं काढ. मग इंजिन उघड. मला जोरात जायचंय."

संपतनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ताईंना समजावण्याची नोकरी मी कधीच सोडली होती.

इंजिन झालं, आणि फार छान झालं. पण त्या वाढलेल्या ताकदीपुढे गाडीचा मूळचा क्लच टिकेना. अ‍ॅक्सिलरेटर जरा जोरात दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र आपल्या चालीनंच चालायची, आणि जळकट वास यायचा. नवा क्लच घालणं भाग होतं, आणि घरात महाभारत सुरू झालं ते त्यावरून.

ताईंचा मुलगा अनंत आयटीत आहे. मुलगा गुणी, पण आईशी बोलताना मीटिंगमध्ये असल्यासारखा बोलतो. "आई, बी प्रॅक्टिकल. लेफ्ट नी पूर्ण गेलाय, डॉक्टरांनी क्लिअर सांगितलंय. ऑटोमॅटिक घेऊ. क्लचची भानगडच नको."

"हा गुडघा दुसऱ्यांचे क्लच दाबून झिजलाय," ताई म्हणाल्या. "जो उरलाय तो मी माझ्या गाडीवर झिजवणार."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अनंत समोर होता म्हणून चहा केला.

पुण्यात सल्ला मागावा लागत नाही. मांजरी गावात ताईंच्या सोसायटीत श्यामसुंदर नावाचे निवृत्त इंजिनिअर आहेत, ते पार्किंगमध्ये ताईंना म्हणाले, "अहो, या वयात रेसचा क्लच? आपण जाता तर मंडईपर्यंत." ताई म्हणाल्या, "हो. आपल्यासाठी दोडकी आणू का?"

संपतनं दोन तऱ्हा समोर ठेवल्या. एक सिरॅमिकची, शर्यतीतली पोरं घालतात ती. "लई कडक माल हाय ताई. धरलं की धरलं, सुटायचं नाव नाय." ताईंना हे बोलणं एकदम पटलं. अर्धवट काही त्यांना आवडतच नाही. पण तसाच क्लच असलेली एक गाडी त्यांनी चालवून पाहिली आणि सोलापूर रस्त्याच्या गर्दीत आमची मानगूट मोडायची वेळ आली. गाडी एक तर उभी, नाहीतर उडी. मधलं काही नाहीच. परत आल्यावर ताई म्हणाल्या, "हा क्लच नाही, दिव्याचं बटण आहे. मला रोज रस्त्यावर चालवायचीय, संपत. रस्ता एकट्या माझा नाही."

दुसरी तऱ्हा अशी, की क्लचची चकती नेहमीसारखी मऊ धरणारी, पण चांगल्या मालाची. आणि तिला दाबून ठेवणारी प्रेशर प्लेट जाड स्प्रिंगची. गाडी हळुवार उचलते, ताकदही सोसते. मात्र पेडल जड. संपत ताईंच्या गुडघ्याकडे बघून म्हणाला, "लई जड हाय, ताई."

"जडच घाल."

अनंतला कळलं तेव्हा तो चिडलाच. रविवारी किल्ली हातात धरून म्हणाला, "दिवे घाट. मी शेजारी बसतो. चढावर बंद पडली किंवा तुझा पाय थकला, तर ही किल्ली माझी. पुन्हा मागायची नाही."

"आणि वर गेले तर?"

"तर मी पुन्हा बोलणार नाही."

"खळदकर आहेस, बोलशीलच. गाडीवर बोलू नकोस म्हणजे झालं."

मी मागे बसले. गाडीतळाला सिग्नल लागला, मग पुन्हा गर्दी, मग पुन्हा सिग्नल. प्रत्येक वेळी ताईंचा ओठ दाताखाली जात होता. दुखत होतं, मला आरशात दिसत होतं, आणि मला त्या मुलाचा राग येत होता आणि त्याचं पटतही होतं. फुरसुंगी मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. ताईंनी गिअर टाकला आणि गाडी अशी सुटली, की मी देवाचं नाव घेतलं. ताई हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना गाडीत हसताना पाहिलं नव्हतं.

घाटाच्या ऐन चढावर पुढचा ट्रक थांबला. आम्हीही थांबलो. मागे एसटी, अगदी डिकीला चिकटून. हातभर मागे सरकायलाही जागा नव्हती.

ट्रक हलला. एसटीनं हॉर्न दिला. ताईंनी हँडब्रेक धरला आणि त्या डावा पाय सावकाश वर घ्यायला लागल्या. पाय थरथरत होता. गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, इंजिनचा आवाज जाड झाला. अनंतनं खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी पकडलं होतं, डोळे मिटले होते, आणि त्याचा डावा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर जिवाच्या आकांतानं दाबलेला होता. आम्ही सगळ्या शिकाऊ असताना ताईंचा पाय असायचा, बरोबर तिथं.

हँडब्रेक सुटला. गाडी तसूभरही मागे न जाता वर चालू लागली.

"पाय उचल, अनंत," ताई म्हणाल्या. "तिथला क्लच मी काढून टाकलाय."