माझ्या जबड्याचं गाऱ्हाणं

माझ्या चुलतभावाचं वाईट व्हावं असं मला वर्षभर मनापासून वाटत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणाला माझी उगाच दया यायला नको.

सुरुवात जबड्यापासून झाली. उजव्या कानापुढे दुखायला लागलं, मग घास चावताना तिथे टक् असा आवाज येऊ लागला, आणि चतुर्थी आली तेव्हा तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. जांभई आली की घाम फुटायचा. आमच्या सगळ्या भावकीचा गणपती एकच, मूळ घरात बसतो. दुपारी पंगतीला वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. मी वड्याचा तुकडा दाढेखाली धरला की शेजारी बसलेला चुलतभाऊ माझ्या कानाशी सुपारीचा अडकित्ता वाजवायचा. टक्. आधी पोरं हसली, मग मोठी माणसंही हसायला लागली. मी वडा ताटात ठेवला आणि पेज मागितली.

तेही मी गिळलं असतं. पण आमच्याकडे आरतीनंतर गाऱ्हाणं घालतात. घरातला वडील माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो आणि दर वाक्याला जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाबा गेल्यापासून तो मान माझा. दुपारचं गाऱ्हाणं मी कसंबसं पुटपुटलो होतो. संध्याकाळी मी हात जोडतोय तोच चुलतभाऊ पुढे झाला.

“बा देवा म्हाराजा, आमच्या दादाच्या तोंडाक जा कुलूप लागला हा, त्येची चावी गावांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळं घर म्हणालं. माझी बायकोसुद्धा. गाऱ्हाण्याला नाही म्हणताच येत नाही.

मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, “दादा, आता तू आराम कर. ह्या फुडे गाराणा मीच घालतलंय.”

मला तो मान परत हवा होता, आणि तोही त्याच्या नाकावर टिच्चून.

सावंतवाडीला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडायला, मिटायला लावलं. “सांध्यातली चकती जरा सरकते, म्हणून आवाज येतो. पण जास्त दुखणं स्नायूंचं आहे. तुम्ही दिवसरात्र दात आवळून असता. हे गालाचे आणि कानशिलाचे स्नायू घास चावण्यासाठी आहेत, त्यांना तुम्ही सुट्टीच देत नाही.” त्यांनी गाल दाबला आणि मी कळवळलो. “एवढा राग कोणावर आहे?”

“कोणावर नाही,” मी दात आवळूनच म्हणालो.

“रात्रभर दात वाजतत ह्यांचे,” सोबत आलेली बायको म्हणाली. “आणि झोपेत भावाक गाळी घालतत.”

पंचाईत इथेच होती. सूड घ्यायचा तर जबडा सुटायला हवा, आणि सूड मनात आला की जबडा आवळला जायचा. बाईंनी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक सांगितला, मऊ भात सांगितला, रात्री दातांवर बसवायचं एक कवच दिलं आणि बजावलं, की दिवसभर ओठ मिटलेले पण दात सुटे. घरी, तारकर्लीला, माडांना पाणी लावताना मी जबडा सैल सोडायचो आणि चुलतभावाला मनात आणायचो. दात जुळले की त्याला बाजूला सारायचं, सुटले की पुन्हा बोलवायचं. असं करत करत मी दात सुटे ठेवून राग धरायला शिकलो. राग तिळभरही कमी झाला नाही, उलट लोणच्यासारखा मुरला. पुढे तोंड तीन बोटं उघडायला लागलं, तेव्हा मी माडांसमोर गाऱ्हाण्याची तालीम सुरू केली.

पुन्हा चतुर्थी आली. दुपारची आरती संपली, चुलतभाऊ हात जोडून पुढे सरकला आणि त्याच्याआधी मी आवाज लावला. पहिल्याच शब्दाला सांधा टक् वाजला. मी थांबलो नाही. सगळ्यांची खुशाली मागितली, पोराबाळांची मागितली, माडापोफळींची मागितली. घर दणदणीत ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतं. मग मी शेवटचं मागणं काढलं.

“जेणी कोणी ह्या घरातल्या माणसाच्या दुखण्याची चेष्टा केल्यान असात, त्येच्या दाताखाली वडो गेलो तर त्येचो जबडो थंयच अडकांदे रे म्हाराजा!”

सगळे चुलतभावाकडे बघायला लागले. मग म्हातारी काकी, त्याचीच आई, हात कपाळाला लावून म्हणाली, “व्हय म्हाराजा.” तिच्यामागून सगळं घर म्हणालं. मी हात जोडलेलेच ठेवले आणि चुलतभावाकडे बघत राहिलो. मी हात सोडल्याशिवाय कोणाला जेवायला बसता येत नव्हतं.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला.

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. पंगत बसली. त्याने वड्याचा तुकडा मोडला, तोंडाशी नेला, गणपतीकडे एकदा पाहिलं, तुकडा ताटात ठेवला आणि पेज मागितली.

ती मी माझ्या हाताने वाढली.