माळ्यावरचा नेम

एवढी कडक शिस्त आणि एवढा भिकार नेम देवाने एकाच माणसाला दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या मामेसासऱ्यांखेरीज जगात नसावं. फौजेतून हवालदार होऊन परतलेले हे गृहस्थ पाटणजवळच्या आपल्या भातशेतीत दरवर्षी गणपती उठले की तिरंदाजीचा सराव सुरू करायचे. तोही जमिनीवर उभं राहून नव्हे. बांधावरच्या आंब्यावर फळ्यांचा माळा बांधायचा, कडक इस्त्रीची पँट घालून शिडीने वर चढायचं आणि बांबूचं धनुष्य ताणायचं. भात पिकायला लागलं की डोंगरातली सांबरं पहाटे शेतात उतरतात. त्यांना मारणं गुन्हा आहे, आणि मामांना ते मनापासून पटतंही. म्हणून बाणाच्या टोकाला जुन्या चपलेचं रबर, आणि नेम शेताच्या कडेला टांगलेल्या पत्र्याच्या डब्यावर. बाण लागला की डबा वाजणार, डबा वाजला की सांबरं पळणार. "मग सरळ फटाकेच का नाही लावत?" मी एकदा माझी सांगलीची शहरी अक्कल पाजळली. "फटाका कुनीबी लावतंय, जावईबापू. त्यात फौजेचं काय ऱ्हायलं?"

माळ्यावर मामा स्वतःच "निशाना साध!" असा हुकूम सोडत आणि स्वतःच "जी साब!" म्हणत. मग बाण डबा सोडून कुठेही जाई. मामींच्या वाळत घातलेल्या लुगड्यात जाई, शेजाऱ्यांच्या गंजीत जाई, आणि एकदा तर मामी जेवण घेऊन येत असताना थेट भाकरीच्या पाटीत उतरला. "वारा हाय!" मामा वरून ओरडले. झाडाचं पानही हलत नव्हतं. वनखात्याचा एक गार्ड चौकशीला आला, त्याने लागोपाठ दहा बाण पाहिले आणि म्हणाला, "हवालदारसाहेब, तुमच्यापासनं सांबराला काय बी धोका न्हाई." हे प्रशस्तिपत्र मामा आजही अभिमानाने सांगतात.

गेल्या वर्षी मात्र एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघा धरलेला, आणि त्यात शिडीवरून पाय घसरला. मामींनी सांगून टाकलं, "आवं, ह्या साली सांबरं आली आन् डबा न्हाई वाजला, तर शिडी फोडून चुलीत घालीन." मामा हसले नाहीत. वर्दी उतरल्यावर त्यांच्याकडे उरलेली एकच चौकी म्हणजे तो माळा, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं. ते दिवसातून दोनदा सराव करू लागले.

दिवाळीला मी गेलो होतो. पहाटे धुक्यात आम्ही दोघं माळ्यावर बसलो असताना खाली तीन सांबरं आली. मामांनी कुजबुजतच स्वतःला हुकूम दिला. बाण सुटला आणि डबा असा ठणाणला, की सांबरं बांध ओलांडून दिसेनाशी झाली. मी आनंदाने शिडी उतरून धावलो. बाण डब्याच्या बराच अलीकडे चिखलात पडला होता. आणि डब्यापलीकडच्या उसाच्या आडोशाला पदर खोचून, हातात दुसरा दगड घेऊन मामी उभ्या होत्या.

"गप ऱ्हावा, जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या. "त्येंचा लय जीव हाय त्या झाडावर."

मी बाण पुसून परतलो तेव्हा मामा एकेक पायरी चाचपत उतरत होते. खाली आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रबर लागलं की भद्द वाजतंय. ह्यो दगूड हुता." मी बाण पाठीमागे धरला. "तिला बोलू नगा. पयल्या दगडात डबा! आमच्या अख्ख्या पलटणीत आसा नेम नव्हता कुनाचा."

त्यांनी वर आंब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या साली मी खालीच बसतो. तिला दगडं हुडकून द्याया कुनीतरी पायजे की."

शिडी आम्ही दोघांनी मिळून घरी नेली. इतकी वर्षं त्यांची थट्टा करणारा मी मागचं टोक धरून धडपडत होतो. ते मात्र पुढचं टोक धरून, ताठ मानेने, ओलं भात वाचवत बांधावरून चालले होते.