सहा रेघांचा बूट

चिंचवडच्या हवेत जेवढा म्हणून हट्ट होता, तेवढा सगळा आमच्या शाळेच्या ड्रॉइंग मास्तरांनी एकट्यानेच पोटात घेतला असावा. आम्हा बाकीच्या शिक्षकांच्या वाट्याला नुसता खोकला आला. मी त्याच शाळेत गणित शिकवत होतो. पिंपरीकडे कारखान्यांचे भोंगे तेव्हा नुकतेच वाजू लागले होते. मास्तर मूळचे मावळातले; टोपी तिरकी, कोटाच्या खिशात खडूचा भुगा, आणि समोर कोणीही असो, बोली गावाकडचीच. हेडमास्तरांनी एकदा सुचवले, जरा शुद्ध बोलत चला. मास्तर म्हणाले, "बोलंन की. पन मंग माझं मलाच कळायचं न्हाई." रबराशी त्यांचे हाडवैर. कोणी रेघ खोडताना दिसला की रबर जप्त! "चुकली तर चुकली. ऱ्हाऊ द्या तितंच. पुढची तिला बघून शानी हुईल." एका लग्नात तर त्यांनी मठ्ठ्यात बोट बुडवून केळीच्या पानावर व्याह्यांचे नाक काढले, आणि शेजारच्या पानावरून व्याह्यांनी ते ओळखलेसुद्धा.

साऱ्या जगातल्या चित्रकलेच्या वर्गांत टेबलावर घागर असते. आमच्याकडे खेळाचा बूट असे! पांढऱ्या कॅनव्हासचा, रबरी तळाचा. मास्तर तो फळ्यावर सहा रेघांत उभा करत. "तळ एक, टाच दोन, तोंड तीन, जिभेचा उतार चार, चवडा पाच, नाडी सहा. सातवी वढली की बूट जड झाला!" शाळा मारुतीच्या देवळाला लागून, त्यामुळे सगळ्यांनी पायातले ओट्याखाली काढायची रीत. मास्तर तिथूनच ड्रिल मास्तरांचा बूट न विचारता उचलून आणत. सरस्वतीपूजनाच्या टेबलावर पायताण पाहून हेडमास्तरांनी त्याला बंदी घातली आणि ड्रिल मास्तरांनी बूट कपाटात कोंडले.

अशात तपासणीला दिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे साहेब, यायचे ठरले. मास्तर चार वर्षे हंगामी होते. साहेबांनी 'योग्य' असा शेरा मारला की कायम होणार, मग गावाकडची बायकापोरे चिंचवडला आणणार. खोलीसुद्धा ठरवून ठेवलेली. "आजच्या दिवस घागर ठेवा हो," मी हात जोडले. मास्तर नुसते हसले.

साहेब सकाळी टेनिस खेळून त्याच पांढऱ्या बुटांत मोटारीने आले होते. रीतीप्रमाणे बूट ओट्याखाली काढून त्यांनी हेडमास्तरांच्या खोलीत चहा घेतला. वर्गांकडे निघताना पाहतात, तर ओट्याखाली एकच बूट! दुसरा मास्तरांच्या टेबलावर, आणि चाळीस मुले माना वाकवून त्याला निरखत होती.

"हा इथे कसा आला?" साहेब दारातून गरजले.

"म्या आणला. इद्येच्या कामी लागला, सायेब."

"अहो, माफी मागा," हेडमास्तर कुजबुजले.

"घागर मिळाली नाही तुम्हाला?" साहेबांनी विचारले.

"ढीगभर मिळत्यात. पन घागर ह्यांच्या घरात रोज हाय, ती न बघताच काढत्यात. बूट ह्यांच्यातल्या एकाच्याबी पायात न्हाई. म्हून तर डोळं फाडून बघत्यात! चित्तर बरूबर हाय का न्हाई, तेवढं सांगा."

साहेबांनी बूट उचलला, तिथेच पायात चढवला आणि चालते झाले. आठवड्याने शेरा आला: अयोग्य.

हेडमास्तर मनाने वाईट नव्हते. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "दोन ओळी माफीच्या लिहा. साहेबांचे पाय धरून मी शेरा बदलून आणतो."

मास्तरांनी टाक उचलला, सहा रेघा ओढल्या, खाली सही ठोकली. "पाठवा."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्या नाहीत, माझीही नोकरी होती. बाहेर पडल्यावर मास्तर माझ्या बरोबरीने चालू लागले. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत आलो. मग खाली बघत म्हणाले, "राव, त्या खोलीवाल्याला तुमीच सांगता का? माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी गेलो. भिंतींना मास्तरांनी आधीच स्वतःच्या हाताने चुना दिला होता. अजून वाळला नव्हता.